भिंत सरकारची, रेघ कोणाची?

मित्रांनो, आपल्या पानांवर कवितेची समीक्षा येते, कथेची येते. मी आज एका भिंतीची समीक्षा करणार आहे. भिंत भामरागडची आहे, एका सरकारी कचेरीच्या कंपाउंडची. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण अशी भिंत काही एकाच कचेरीला नाही. या भिंतीवर चित्र आहे आणि चित्राखाली चार ओळी आहेत. त्या ओळी माझ्या आहेत. म्हणजे आरोपी मी आणि साक्षीदारही मीच.

मी कागदाच्या मिलमध्ये काम करतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काय ते रात्रपाळीत आणि वाचनालयात. आमच्या वस्तीतला एक पोरगा पेंटर आहे. गाड्यांचे नंबर, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीतल्या भिंती, जयंतीचे निळे बॅनर, सगळं करतो. एका ठेकेदारानं त्याला भामरागडचं काम दिलं. कागदावर त्याचं नाव 'सुशोभीकरण'. तो ठेकेदार मला म्हणाला, "तू कविता लिहिते ना बे? चार लाइना देऊन टाक आदिवासी संस्कृतीवर. पाचशे देतो. नाव मात्र टाकायचं नाही, सरकारी काम आहे."

मी दिल्या. खोटं कशाला बोलू, आनंदानं दिल्या. कवितेचे पाचशे रुपये मला आजवर कोणी दिले नव्हते. जल-जंगल-जमीन, निसर्गाची लेकरं, अस्मिता, असे शब्द घेतले आणि अर्ध्या तासात काम उरकलं. तोवर मी भामरागड पाहिलंही नव्हतं.

पाहायला गेलो तो पावसाळा संपल्यावर. आलापल्लीहून एसटी. साठ-पासष्ट किलोमीटर जंगल, मग हेमलकसा, मग पर्लकोटा नदीचा पूल. या नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, असे कित्येक पावसाळे या लोकांनी काढलेत. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती, तीन नद्या इथं भेटतात. राहणारे बहुतेक माडिया. उतरलो आणि थेट आपली भिंत बघायला गेलो.

गेरूच्या रंगावर पांढरी माणसं. त्रिकोणावर त्रिकोण, वर टिकलीएवढं डोकं. मधे एक जण तारपा वाजवतोय आणि भोवती गोल धरून बाकीचे नाचतायत. म्हणजे वारली चित्र. मी पेंटरला फोन केला. म्हटलं, अरे, हे तर डहाणूकडचं. तो म्हणाला, "भाऊ, आर्डरमंदी 'आदिवासी चित्र' एवढंच लिवलं होतं. मोबाईलवर टाकलं तं हेच निघते." त्याचा दोष नाही. त्याला आठ दिवसांची मजुरी आणि चौरस फुटाचा दर मिळाला होता. माडिया हा शब्द त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

भिंतीजवळ एक म्हातारा आणि त्याचा नातू उभे होते. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी आले होते, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. साहेब जेवायला गेलेले. म्हातारा बराच वेळ चित्राकडे बघत होता. मग माडियात काहीतरी बोलला आणि पोरगा हसला. मी विचारलं, काय म्हणतात? पोरगा आश्रमशाळेत शिकलेला, मराठी चांगली. म्हणाला, "आजा विचारते, यांची कंबर एवढी बारीक कशी? उपाशी आहेत का हे लोक?"

मी म्हटलं, हे आदिवासी आहेत. पोरानं ते आज्याला सांगितलं. आज्यानं पुन्हा भिंतीकडे पाहिलं आणि खालच्या ओळींकडे बोट केलं. पोरानं मोठ्यानं वाचल्या. आज्यानं अर्थ विचारला. पोरगा 'अस्मिता'शी अडला. दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, मग नुसते खांदे उडवले. त्या ओळी मी लिहिल्यात हे मी सांगितलं नाही. दोन हातांवर उभा होतो, पण सांगितलं नाही. मी ही समीक्षा लिहितोय ती त्या गप्प बसण्यामुळं.

आता भिंतीकडे वळू. वारली चित्राशी माझं भांडण नाही. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मधे पालघट देवी. त्या चित्राला घर आहे, लग्न आहे, देव आहे. ते भिंतीवरून कागदावर आणणारे जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली ते गेले. तिथं एका माणसाचं नाव आहे, हात आहे, आयुष्य आहे. भांडण आहे ते या चित्राचा रबरी शिक्का करणाऱ्यांशी. डहाणूला समुद्र जवळ, भामरागडला इंद्रावती. महाराष्ट्राची दोन टोकं. पण शिक्का एकच.

आणि बघा, याच कचेऱ्यांच्या आत काय चालतं? दाखला मागायला गेलं की सरकारला सगळं बारीक लागतं. नुसतं 'आदिवासी' चालत नाही. कोणती जमात, कोणतं गाव, आजा कोण, पणजा कोण, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा कुठं? आपल्यालाही हे ठाऊक आहे, आपली तारीख फक्त वेगळी, १० ऑगस्ट १९५०. ज्यांच्या वाडवडलांनी कागद कधी हातात धरला नाही त्यांच्याकडे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद मागतात. कचेरीच्या आत 'तू नक्की कोण' याचा पुरावा द्यायचा, आणि बाहेर भिंतीवर मात्र कोणीही आदिवासी चालतो. हक्क देताना माडिया असल्याचं सिद्ध करा, शोभेला मात्र वारली पुरे! माझ्या मते या भिंतीचा सगळा अर्थ यात आला. रेघ चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा.

हे फक्त भामरागडचं नाही. आमच्या बल्लारशाहचं आणि चंद्रपूरचं रेल्वे स्टेशन घ्या. ताडोबाचे वाघ, जंगल, आदिवासी कला यांनी भिंती सजवल्या आणि २०१८ साली रेल्वेच्या स्पर्धेत देशातली सर्वात सुंदर स्टेशनं म्हणून दोघांना मिळून पहिलं बक्षीस मिळालं. आम्हाला अभिमान वाटला, का वाटू नये? आमच्या भागाचं नाव एरवी पेपरात येतं ते चकमकीसाठी नाहीतर उन्हाच्या आकड्यासाठी. पण त्याच बल्लारशाह स्टेशनवर २७ नोव्हेंबर २०२२ ला पादचारी पुलाचा भाग कोसळला. एक माणूस गेला, दहाहून जास्त जखमी झाले. मी चित्रकारांना दोष देत नाही. एवढंच म्हणतो की स्टेशन सुंदर आहे का हे ठरवणारे भिंतीकडे बघत होते, आणि आपण त्या पुलावरून चालत होतो.

नाव न विचारता काढलेल्या आदिवासीचं पुढं काय होतं, तेही ऐका. २०२० च्या नोव्हेंबरात बंगालच्या बांकुडा जिल्ह्यात देशाच्या गृहमंत्र्यांच्या दौऱ्यात एका पुतळ्याला बिरसा मुंडांचा पुतळा म्हणून मान दिला गेला. तिथले आदिवासी म्हणाले, हे बिरसा नाहीत, हा तर कोणी शिकारी आहे. आधी पुतळा उभा केला तो कोणाचाच नव्हता, मग त्याला नाव दिलं ते दुसऱ्याचं. सगळे आदिवासी सारखेच दिसतात असं ज्याला वाटतं तो हीच चूक करणार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

आता योगायोग बघा. याच बांकुड्यात १९०६ साली न्हाव्याच्या घरात एक पोरगा जन्मला, रामकिंकर बैज. शांतिनिकेतनात शिकला, तिथंच राहिला. १९३८ साली त्यानं 'संथाल कुटुंब' उभं केलं, सिमेंट आणि खडी वापरून, उघड्यावर. बाप खांद्यावर कावड घेऊन निघालाय, कावडीच्या एका टोपलीत पोर आहे, बाई कडेवर मूल घेऊन सोबत चालतेय, पायाशी कुत्रा. यातलं कोणी नाचत नाही. सगळा संसार घेऊन माणसं पोटामागे चाललीत. १९५६ साली त्यानं आणखी एक केलं, 'मिलची हाक'. दोन संथाल बाया मिलचा भोंगा ऐकून धावतायत, पदर वाऱ्यावर उडतोय, मागून पोर पळतंय. मी शांतिनिकेतनला गेलेलो नाही. वाचनालयातल्या पुस्तकात फोटो पाहिला, काळापांढरा, पोस्टकार्डाएवढा. पण मित्रांनो, त्या बाया मी ओळखल्या. माझी आई जिनिंगमध्ये जायची तेव्हा अशीच धावायची, आणि मागून पळणारं पोर मी होतो. म्हातारा ज्या भिंतीसमोर उभा होता तिथं त्याला कोणीही ओळखीचं भेटलं नाही. मला मात्र परक्या मुलखातल्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोत आई भेटली. चांगलं चित्र आणि शोभेचं चित्र यांत मी फरक करतो तो इथं. सौंदर्यशास्त्राची जाडी पुस्तकं मी वाचलेली नाहीत. ज्यांनी वाचलीत त्यांनी मला खोडून काढावं.

यातली दोन्ही कामं कोणा सरकारी कचेरीच्या शोभेसाठी झाली नाहीत. सरकारी काम रामकिंकरला मिळालं ते पुढं, दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारात यक्ष आणि यक्षी उभे करायचं. जाणकारांचा सल्ला घेतला गेला, कलावंतांकडून नमुने मागवले, त्याचा निवडला. पुरं व्हायला १९६७ साल उजाडलं. मूर्ती भव्य आहेत. उघड्या यक्षीवरून राज्यसभेत प्रश्नही विचारला गेला. म्हणजे बघा, देशाच्या पैशाच्या दारात कुबेराचे नोकर उभे राहिले, आणि कावडवाला संथाल शांतिनिकेतनच्या झाडाखालीच राहिला. कलावंत तोच, हात तोच. काम सांगणारा बदलला की दगडातून निघणारा माणूस बदलतो. म्हणून चित्राची समीक्षा करताना चित्रकाराच्या आधी काम सांगणाऱ्याची समीक्षा करावी, असं माझं म्हणणं आहे.

कोणी म्हणेल, सरकारला असलं जमतच नाही. तसं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी बांधकामाच्या खर्चातला १ टक्का कलेसाठी वापरायची परवानगी नेहरूंकडून मिळवली, भित्तिचित्रासाठी स्पर्धा घेतली आणि हुसेन यांचं चित्र निवडलं. पैसा ठरलेला, रीत ठरलेली, चित्रकाराचं नाव ठरलेलं. शास्त्रज्ञांच्या भिंतीला ही इज्जत मिळते. आदिवासीच्या भिंतीला चौरस फुटाचा दर आणि ठेकेदाराचं कमिशन.

आणि आदिवासी कलावंताला त्याच्या नावानिशी बोलावल्याचंही उदाहरण आहे. भोपाळचं विधानभवन चार्ल्स कोरिया यांनी बांधलं, १९९६ साली ते पुरं झालं. त्याच्या भिंतींवर जनगढ सिंह श्याम यांनी चित्रं काढली. पाटनगढचा परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांची गाणी आणि कुळकथा जपणारे. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणलं होतं. जनगढनं गावच्या मातीच्या भिंतीवरचे देव आणि जनावरं विधानसभेच्या भिंतीवर नेली. तिथं मोबाईलवरून उतरवलेलं काही नव्हतं. त्याचे ठिपके त्याचेच होते, इतके की आज त्या शैलीला त्याच्याच नावानं ओळखतात. पण गोष्ट इथं संपत नाही. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात कामावर असताना या माणसानं आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आसपास. ज्याची चित्रं विधानसभेच्या भिंतीवर आहेत तो परक्या देशात एकट्यानं मेला. तेव्हा नुसतं नाव आणि भिंत दिली म्हणजे झालं असंही समजू नका. कामाच्या अटी काय, मोबदला काय, मनात आलं तर घरी परतता येतं का, हेही चित्रातच धरायला पाहिजे. मिल कामगार म्हणून एवढं तरी मला कळतं.

सरकारी आवारात काय उभं राहतं याला महत्त्व कशाला द्यायचं, असं आपल्यातलेच काही मित्र विचारतात. त्यांनी जयपूरला जावं. राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसवला. त्याच वर्षी न्यायमूर्तींनी तो हलवायचं ठरवलं, त्यावर स्थगिती आली, आणि पुतळा राहिला तो राहिलाच. २०१८ साली आपल्या औरंगाबादच्या दोन बाया तिथं गेल्या आणि त्याला काळं फासून आल्या. त्यांनी कलासमीक्षा शिकली नव्हती, पण न्यायाच्या दारात मनू उभा असला की आत जाणाऱ्याला काय वाटतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आपला पुतळा बघा. वस्तीवस्तीत सिमेंटचे बाबासाहेब आहेत. निळा कोट, हातात ग्रंथ, एक बोट वर. कुठं मान आखूड, कुठं हात लांब, कुठं चष्मा वाकडा. शिकलेले लोक हसतात. हसू द्या. त्या पुतळ्यासाठी वर्गणी कोणी दिली? मजुरी करणाऱ्या बाईनं दिली, रिक्षावाल्यानं दिली. जागा कोणती, तोंड कुणीकडे, अनावरण कोणी करायचं, यावर रात्र रात्र बैठका आणि भांडणं झाली. ही भांडणं म्हणजेच काम सांगणं. आपल्या देशात लोकांनी स्वतः सांगून करवून घेतलेली कला कुठली म्हणाल तर हीच. तिचं बोट सरकारी भिंतीकडे आहे, असं मी पुतळ्याखाली बसून पुष्कळदा मनात म्हटलंय.

माडियांकडेही हे आहे. मेलेल्या माणसाच्या नावानं ते दगड उभे करतात. मी परत येताना रस्त्याकडेला पाहिले. कोणी उंच, कोणी कमरेएवढा, कोणी वाकलेला. त्यावर अक्षर नाही, पण कोणता दगड कोणाचा ते गाव सांगू शकतं. गोटूलही गाव मिळून बांधतं. म्हणजे काय उभं करायचं, कुठं, कोणासाठी, हे ठरवायची रीत यांच्याकडे आपल्या सार्वजनिक बांधकामाच्या आधीपासून आहे. कायदाही तेच सांगतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला सक्षम मानलं आहे. याच गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकला. बांबूचं मोल ग्रामसभा ठरवू शकते, मग भिंतीवरची रेघ का ठरवू शकत नाही?

म्हणून माझी मागणी साधी आहे. या भागात सरकारी भिंत रंगवायची असेल तर आधी आजूबाजूच्या ग्रामसभांना विचारा. रंगवायची का, इथपासून विचारा. 'नको' म्हणाले तर चुना मारा आणि त्या पैशात बाहेर बसायला एक शेड बांधा, माणसं उन्हात उभी असतात. 'हो' म्हणाले तर काम त्यांच्या माणसाला द्या, पैसा त्याच्या हातात द्या आणि खाली त्याचं नाव लिहा. अक्षरं लिहायची तर माडियात लिहा, मग मराठीत.

दुसरी मागणी आपल्याला, दलित कवींना. मध्यमवर्गीय लेखक आपल्यावर कणव आणून लिहायचे तेव्हा आपण काय म्हणालो? आमचं आम्ही लिहू म्हणालो. त्याच जोरावर आपलं साहित्य उभं राहिलं. मग माडियाच्या वतीनं 'अस्मिता' लिहिणारा मी कोण? गाव न बघता, भाषा न शिकता, अर्ध्या तासात? पेंटरनं मोबाईलवरून चित्र उतरवलं, मी आपल्याच चळवळीच्या कवितांतून शब्द उतरवले. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्यानं स्वतःला कवी म्हणवलं नाही. आपण गावकुसाबाहेरचे, ते जंगलातले. दोघं भाऊ आहोत हे खरं. पण भावाच्या दाखल्यावर आपण सही करत नाही.

ठेकेदाराकडे गेलो होतो. म्हटलं, माझ्या ओळी पुसून टाका, चुना मी आणून देतो. तो म्हणाला, "कायले पुसतं बे? बिल पास झालं आहे." फोटो जोडलाय, मोजमाप झालंय, आता पुसलं तर ऑडिटला त्रास. तेव्हा ओळी अजून तिथंच आहेत. पावसानं जातील तेव्हा जातील.

ते पाचशे रुपये मी खर्च केले नव्हते. या अंकाच्या कागदासाठी देतोय. संपादक म्हणाले, नुसते पैसे नकोत, कुठून आले तेही लिही. लिहिलं.

जय भीम. जोहार.